पाच सह्यांचा पंचनामा

आमच्या राजपुऱ्यातल्या गल्लीत नळांना मीटर बसले त्याच वर्षी मी शाळेतून निवृत्त झालो. चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस घरी रिकामा बसलाय आणि घराघरांत आकड्यांचे कागद येऊन पडताहेत, म्हटल्यावर लोक बिलं घेऊन माझ्या ओट्यावर यायला लागले. मलाही ते हवंच होतं. निवृत्त मास्तरला कोणी काही विचारत नाही, आणि मला तर कोणी विचारलं नाही तरी सांगायची खोड आहे.

पहिलं बिल खरोखरच चुकलेलं होतं, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की या माणसाचं कधीच काही बरोबर नव्हतं. मीटरवर आधी काळे आकडे असतात आणि त्यांच्या उजव्या हाताला लाल. काळे हजार लिटरचे, लाल सुट्या लिटरचे, आणि बिल काळ्यांवर करायचं. रीडिंग घ्यायला जो पहिला माणूस आला त्याने काळे-लाल असा भेदभाव न करता सगळे आकडे एका ओळीत लिहून नेले. त्यामुळे आमच्या बारा-पंधरा घरांनी महिन्याभरात निम्मी तापी पिऊन टाकली असा हिशोब निघाला. गल्लीच्या टोकाला एक शिंपी राहतो. त्याला वाटलं, कुठल्या तरी कारखान्याचं बिल आपल्या दारात टाकून गेले. मी अर्ज लिहिला. आमचं गाव मराठी मुलखाच्या हद्दीपलीकडचं, त्यामुळे पाणीपुरवठा ऑफिसचा कारभार हिंदीत, आणि माझी हिंदी म्हणजे वाक्यभर मराठी आणि शेवटी 'है'. तरी बाबूला मुद्दा कळला आणि गल्लीतली सगळी बिलं दुरुस्त होऊन आली.

तेव्हापासून मी 'बिलवाले सर' झालो. कुलूप लावून लेकीकडे गेलेल्यांना सरासरीचं बिल आलं, मी अर्ज लिहिला. एकाचं भरलेलं बिल पुन्हा थकबाकीत दिसलं, मी अर्ज लिहिला. टोकाकडच्या चार-पाच घरांची बिलं तर नंतर नंतर इतकी कमी यायला लागली की शिंपी रस्त्यात सायकल थांबवून म्हणायचा, "सर, तुमच्या अर्जाची कमाल आहे बरं!" मी मान डोलवायचो. एकदा दिलेल्या अर्जाने दर महिन्याला बिल कसं काय उतरत जाईल, हा प्रश्न सहावीच्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही, कारण उत्तर मला आवडलेलं होतं.

याच शिंप्याची बायको मीटरच्या पहिल्या उन्हाळ्यात कळशी घेऊन आमच्या दारात आली होती. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे आमच्याकडे धार जोरात येते आणि टोकाकडे करंगळीएवढी. मी तिला नाही म्हणालो नाही. पाण्याला नाही म्हणू नये एवढं मलाही कळतं. कळशी भरेपर्यंत मी तिला फक्त मीटरचं तत्त्व समजावून सांगितलं: ज्याचं पाणी त्याचा आकडा, ज्याचा आकडा त्याचा पैसा, आणि धार कमी येत असेल तर त्याचा वेगळा अर्ज असतो. कळशी भरून वाहायला लागली तरी माझं चालूच होतं. ती पुन्हा कधी आली नाही. मला वाटलं, बाईला पटलं.

मग दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या स्वतःच्या घरचं बिल माझ्या हाती पडलं, महिन्याला सव्वीस हजार लिटरचं; तोवर आमची बिलं बायको परस्पर भरत असे. घरात माणसं दोन, मी आणि ही. गुरं नाहीत, बाग नाही, तुळस आहे. मी कागद घेऊन बसलो आणि हिला दाखवून दिलं की दिवसाला साडेआठशे लिटर पाणी वापरायचं तर आपल्याला प्रत्येकी वीस अंघोळी कराव्या लागतील. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "उन्हाळा आहे. लागतं पाणी." मी म्हणालो, "वीस अंघोळी?" ती म्हणाली, "भरून टाका ना बिल. एवढं काय!" मी तिला सांगितलं की प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. माझ्या आयुष्यातले बहुतेक तत्त्वाचे प्रश्न तिला भाजी निवडतानाच ऐकावे लागलेत.

त्या सुमारास रीडिंगला नवी बाई यायला लागली होती. चाळिशीच्या आतबाहेरची, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, ठेकेदाराकडे महिन्याच्या बोलीवर. काम नीटनेटकं. पण आमच्या मीटरच्या काचेला आतून वाफ धरलेली होती आणि फोटोत नुसतं धुकं यायचं. ती बिचारी गुडघे टेकून, बाजूने मोबाईलचा टॉर्च मारून, मान वाकडी करून आकडे वाचायची. मी तिला विचारलं तर म्हणाली, "दिसते सर, कोन धरून पाहिलं की बराबर दिसते." मी खाली वाकून पाहिलं. मला नाही दिसलं. जे मला दिसत नाही ते दुसऱ्याला कसं दिसेल, असा माझा न्याय होता.

मी अर्ज लिहिला. तोवर माझा हात चांगला बसला होता, आणि हात बसलेला माणूस एक वाक्य जास्तीचं लिहितो. मी लिहिलं की सदर महिला मीटर न वाचता मनानेच आकडे भरते. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते हिला दोनदा वाचून दाखवलं. ही म्हणाली, "कशाला त्या बाईच्या पोटावर पाय देता?" मी म्हणालो, "मी खोटं काय लिहिलंय?" ती उठून आत गेली. मला वाटलं, कुकरची शिट्टी झाली असेल.

दोन दिवसांनी मीटरवाली बाई घरी आली. ओट्याच्या खालीच उभी राहिली. म्हणाली, "सर, तुम्ही एक रोज सकाळच्याला घरी थांबा ना. पाण्याच्या टायमाला. मग बोला."

आता माझी सकाळ गल्लीला पाठ आहे. सहाला मी घराबाहेर पडतो, राजघाटापर्यंत फिरून वाचनालयात जातो, चार पेपर वाचतो आणि आठच्या ठोक्याला परत येतो. निवृत्त झाल्यापासून यात खंड नाही. लोक माझ्यावर घड्याळ लावतात असं मी अभिमानाने सांगायचो. नळ सुटतो साडेसहाला आणि जातो पावणेआठला. मी बाईला म्हणालो की माझ्या फिरण्याचा आणि तुमच्या चुकीचा काही संबंध नाही. ती काही बोलणार होती, पण तिने माझ्या मागे दाराकडे पाहिलं आणि गप्प झाली. दारात ही उभी होती. बाई निघून गेली.

ऑफिसातल्या बाबूने सांगितलं, "सर, पंचनामा लगेगा." घरात खरंच दोनच माणसं राहतात आणि पाण्याचा वापर बेताचा आहे, याला पाच शेजाऱ्यांच्या सह्या. मी म्हटलं, पाच काय, पन्नास आणतो. एवढ्या लोकांचे अर्ज लिहिलेत, गल्लीवर माझे उपकार आहेत. टोकाकडच्याच पाच घरांत गेलो, कारण तिथे माझा मान जास्त. पण सह्या मिळायला चार दिवस लागले. कोणाचा चष्मा सापडेना, कोणाला एकाएकी बाजारात जायचं आठवलं. शिंप्याने कागद हातात धरून खाली-वर बघितलं आणि म्हणाला, "जाऊ द्या ना सर. आम्ही पाच घरं मिळून भरी देतो तुमचं बिल. काय मोठी गोष्ट आहे!"

एका निवृत्त मास्तरासाठी गल्लीने वर्गणी काढावी! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "नाही बाबा, तुमचा पैसा नको, तुमची सही द्या." त्याने मान खाली घालून सही केली. बाकी चौघांनीही केली. माझ्यासमोर मान वर करून एकानेही केली नाही, आणि मी तो विनय समजलो.

ऑफिसने नवं मीटर बसवलं आणि आठ दिवस वापर बघायचं ठरवलं. फिटरने जुनं मीटर काढून एका पोत्यात टाकलं, पोत्यात तसलीच वीस-पंचवीस होती. काच फोडून आतले आकडे वाचले असते तर तिथल्या तिथे निकाल लागला असता, हे गणिताच्या मास्तरला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. आपण जिंकणार याची खात्री असली की माणूस पुरावे तपासत बसत नाही.

त्या आठ दिवसांत आमच्या घरात काही धड नव्हतं. हिचं डोकं दुखायचं, वरणात मीठ नसायचं. एकदा वाचनालयातून येताना शिंप्याची बायको भेटली, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, वेशीजवळच्या हातपंपावरून येत होती. मी तिथेच थांबवून तिला म्हणालो, "अहो, धार कमी येते तर सांगायचं ना! अर्ज लिहून देतो." ती म्हणाली, "हो सर," आणि हंडा सावरत पुढे गेली. त्या बाईने तेव्हा तो हंडा माझ्या डोक्यावर ओतला असता तरी मी तिची बाजू घेतली असती, पण हे आता म्हणतोय.

आठ दिवसांत नवं मीटर दोन हजार लिटर फिरलं. म्हणजे महिन्याला सात-आठ हजार, दोन माणसांचा शहाण्यासारखा वापर. ऑफिसने मागची सगळी बिलं त्या हिशोबाने कमी केली. दुरुस्तीच्या आदेशात खाली एक ओळ होती की मनमानी रीडिंगबद्दल संबंधित महिलेला महिनाअखेर कामावरून कमी करावं, असं ठेकेदाराला कळवलंय. माझंच वाक्य होतं, फक्त चांगल्या हिंदीत.

मी येताना अर्धा किलो मावा जलेबी आणली. हिला म्हणालो, पाच पुड्या कर आणि सह्या देणाऱ्यांकडे पोचव. तिने पुडा ओट्यावर ठेवला, आदेश हातात घेतला, ती शेवटची ओळ वाचली.

"तुमचं बिल बरोबर होतं," ती म्हणाली.

मला वाटलं, ती दुरुस्त बिलाबद्दल बोलतेय. मी म्हणालो, "मग मी तेच तर म्हणत होतो."

"आधीचं. सव्वीस हजाराचं. ते बरोबर होतं." आणि मग तिने एका दमात सगळं सांगितलं. मी सहाला बाहेर पडलो की टोकाकडच्या पाच घरच्या बाया हंडे-कळशा घेऊन येतात. आपल्या नळाला पाइप लावून ही सगळ्यांना भरून देते. पावणेआठला ओटा धुऊन मोकळी, आणि आठला मी येतो. दोन उन्हाळे चाललंय. नवं मीटर बसल्यावर सगळ्या घाबरल्या, पाच घरांना पाणी दिलं म्हणून कनेक्शन कापतील, सह्याही खोट्या ठरतील, म्हणून आठ दिवस कोणी आलं नाही. बाईचं काम खरंच जाईल असं कोणाला वाटलं नाही.

मी ओरडलो, हे कबूल करायला हवं. म्हणालो, "माझ्या घरात, माझ्या नळावर, मला न सांगता?"

"सांगून पाहिलं होतं ना त्या शिंप्याच्या बायकोने. तिला तुम्ही शिकवणी दिली." ती पदराने डोळे पुसत होती पण आवाज पक्का होता. "आपण देडतलाईला होतो तेव्हा चार वर्षं आपला माठ कोण भरत होतं? शेजारची ती बाई. तुम्ही एकदा तरी विचारलं, पाणी कुठून येतं? पीतच होतात ना?"

नवी नोकरी होती, भाड्याची खोली होती, नळ नव्हता. माठ भरलेला असायचा. मी खरोखरच कधी विचारलं नव्हतं. माठ हा भरलेलाच असतो, अशी माझी समजूत होती. मला फार लाज वाटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते मी ऑफिसपर्यंत सहीशिक्क्यानिशी करून आलो होतो. राग मात्र लगेच गेला नाही. लाज वाटली की मला आधी रागच येतो.

जलेबी तशीच राहिली. महिनाअखेरीला पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी फिरायला न जाता ऑफिस उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. बाबूला म्हणालो, माझं बिल पुन्हा वाढवा. त्याने पंख्याचा वेग कमी केला, म्हणजे ऐकण्यात काही चूक होत असेल तर कळावं. मी पुन्हा सांगितलं.

"सर, बिल कम करने का आवेदन होता है," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "बढ़ाने का आज तक कोई लाया नहीं."

मी आवाज खाली आणून विचारलं की समजा, एका नळावरून चार घरांनी पाणी घेतलं असेल तर? त्याने ताबडतोब खडाखडा नियम सांगितला: दंड, नळ बंद, आणि पंचांनी खोटं लिहिलं म्हणून त्यांच्यावरही कारवाई. मग मी त्या जुन्या मीटरच्या पोत्याची चौकशी केली. पोतं भंगारात गेलं होतं. म्हणजे खरं सांगावं तर पाच घरांचं पाणी जाणार, आणि गप्प बसावं तर बाईचं काम जाणार. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. चौतीस वर्षं मी पोरांना बजावलं की उत्तर आधी ठरवून गणित मागून मांडू नका. त्या बाकावर मी तेच केलं.

मी लिहिलं की अर्जदार वृद्ध असून त्याला विसरण्याची सवय आहे. तो रोज सकाळी नळ सुरू करून फिरायला जात असे आणि पाणी गटारात वाहून जात असे. तपासणीच्या आठ दिवसांत मात्र पत्नीने आठवणीने नळ बंद केला. सबब आधीचं रीडिंग अचूक होतं, रीडिंग घेणाऱ्या महिलेचा काही दोष नाही, पूर्ण बिल भरण्यास अर्जदार तयार आहे. पंचांच्या सह्यांना कुठे धक्का लागत नव्हता, कारण घरात माणसं दोनच होती आणि त्यातलं एक बिनडोक होतं.

साहेबाने अर्ज वाचला. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाच्या स्मरणशक्तीची गल्लीत शपथ घेतात, त्याला त्याने फार मायेने विचारलं, "सर, घर में कोई ध्यान रखनेवाला है ना?" मी म्हणालो, "है." बाबूने मला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. मी उतरू दिल्या. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, आता सोसणं भाग होतं. पाणी वाया घालवल्याचा दंड वेगळा बसला.

आदेश बदलून मिळाला तो चौथ्या दिवशी. ऑफिसचा कागद ठेकेदाराकडे कधी पोचेल याचा भरवसा नव्हता, म्हणून एक प्रत घेऊन मी स्वतःच मीटरवाल्या बाईच्या घरी गेलो. पावरलूमच्या मोहल्ल्यात दोन खोल्या. शेजारचे माग धडधडत होते, त्यामुळे मला दोनदा हाक मारावी लागली. रीडिंगचं काम जाणार म्हणून तिने पुन्हा कांड्या भरायला घेतल्या होत्या, दारातच मशीनवर सूत गुंडाळत बसली होती. मला पाहून उठली, पण बसा म्हणाली नाही. ते बरोबरच होतं.

तिने कागद शेवटपर्यंत वाचला. "विसरण्याची सवय" वर आली तेव्हा तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी कामावर आहे?"

"आहात. ठेकेदाराला हा दाखवा. काही बोलला तर मला सांगा, मी..." अर्ज लिहीन, हे शब्द मी गिळले.

"ताई," मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?"

"माहीत नसायला काय झालं? तुमचं रीडिंग जास्ती येऊन राह्यलं म्हणून मी एक रोज पाण्याच्या टायमाला आली होती ना, मीटर फिरते का पाहायला. पाच-सहा बाया लायनीत उभ्या. मॅडमनी मला चहा बी पाजला."

"मग ऑफिसात सांगायचं ना!"

"ऑफिसात सांगितलं का कनेक्शन कटते. पाच घरं आहेत सर."

"तुमचं काम हातचं जात होतं, ताई. मला तरी सांगायचं. सकाळी घरी थांबा म्हणालात, तेव्हाच सरळ सांगून टाकायचं."

"सांगायलाच आली होती. मॅडम दारात उभ्या होत्या, त्यांचं तोंड पाहिलं अन् नाही बोलली." तिने कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली आणि ती रीडिंग सांगावं तितक्या सहज म्हणाली, "तुम्ही पाणी बंद केलं असतं, सर."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्या आठवड्यात मी खोटं पुष्कळ लिहिलं होतं, आणि समोर जी उभी होती तिला आकडे कोन धरून वाचता यायचे.

"हो," मी म्हणालो. "केलं असतं."